वाचकांचे प्रश्न : विनू मंकड यांची अष्टपैलू कारकीर्द

गेल्या अंकात भारताच्या जुन्या अष्टपैलू खेळाडूंविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकट्या विनू मंकड यांच्याविषयी होती, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : मंकड यांची कसोटीतील फलंदाजीची सरासरी 31.47 आणि गोलंदाजीची 32.32 आहे. चांगल्या अष्टपैलू खेळाडूची फलंदाजीची सरासरी गोलंदाजीच्या सरासरीपेक्षा जास्त असावी, असे म्हणतात. मग मंकड यांना थोर का मानायचे? (एक वाचक, सोलापूर)

आपण दिलेले आकडे अचूक आहेत, पण हे आकडे कोणत्या संघासाठी आणि कोणत्या वयात जमा झाले, हे पाहिल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. मंकड यांचा जन्म 12 एप्रिल 1917 रोजी जामनगरला झाला. तेथे नवानगर संस्थानाच्या आश्रयाने खेळताना दुलीपसिंहजी आणि ससेक्सचे बर्ट वेन्स्ली यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. 1937-38 च्या हंगामात लॉर्ड टेनिसन यांचा संघ भारतात आला, तेव्हा विशीतल्या मंकड यांनी अनधिकृत कसोटींत फलंदाजी आणि गोलंदाजी या दोन्हींत पाहुण्यांना चकित केले. त्यानंतर महायुद्ध सुरू झाले, आणि पहिली अधिकृत कसोटी त्यांच्या वाट्याला आली ती जून 1946 मध्ये, लॉर्ड्सवर, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. फिरकी गोलंदाजाची आणि सलामीच्या फलंदाजाची जी ऐन उमेदीची वर्षे, ती त्यांच्या कसोटीच्या नोंदीत नाहीतच. त्याच इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सर्व प्रथम श्रेणी सामने मिळून 1120 धावा केल्या आणि 129 बळी घेतले, यावरून काय हुकले असावे याची कल्पना येते.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्यावर पडलेला भार. त्या काळी भारताकडे दमदार वेगवान गोलंदाजांची जोडी नव्हती. चेंडूची लकाकी गेली की मंकड यांच्या हाती चेंडू द्यायचा आणि दिवस मावळेपर्यंत तो त्यांच्याच हाती ठेवायचा, असा बहुतेक कर्णधारांचा रिवाज झाला होता. 44 कसोटींत त्यांनी 14,686 चेंडू टाकले, म्हणजे दर कसोटीला सरासरी 55 षटके, आणि षटकामागे दिल्या दोनपेक्षा किंचित अधिक धावा. एवढी गोलंदाजी करून पुष्कळदा हाच माणूस पॅड बांधून सलामीला जात असे.

आता भारत जिंकलेले सामने पाहा. मंकड यांच्या कारकिर्दीत ते ज्या कसोटींत खेळले, त्यांपैकी भारताने फक्त पाच जिंकल्या. पहिली फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रासला, इंग्लंडविरुद्ध. कसोटी खेळू लागल्यापासून वीस वर्षांनी आणि पंचविसाव्या सामन्यात भारताला मिळालेला तो पहिलाच विजय होता, आणि त्यात मंकड यांनी 55 धावांत 8 व 53 धावांत 4 असे बारा बळी घेतले. त्या पहिल्या डावाचा धावफलक आजही वाचण्यासारखा आहे, कारण आठांपैकी चार फलंदाज यष्टिरक्षक खोकन सेन यांनी यष्टिचीत केलेले आहेत. उंची दिलेल्या चेंडूने फलंदाजाला क्रीजबाहेर ओढायचे, टप्पा त्याच्या अंदाजापेक्षा आखूड ठेवायचा आणि बाकीचे काम यष्टिरक्षकावर सोपवायचे, ही डावखुऱ्या फिरकीची अस्सल रीत त्या चार नोंदींत दिसते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीला पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्यावहिल्या कसोटीत त्यांनी 52 धावांत 8 आणि 79 धावांत 5 बळी घेतले, तर पुढे मुंबईच्या कसोटीत आठ. उरलेले दोन विजय न्यूझीलंडविरुद्धचे. त्यांत मंकड यांच्या धावा आहेत 223 आणि 231. पाचांपैकी तीन विजय ज्याच्या चेंडूने घडवले आणि दोन ज्याच्या बॅटने उभारले, त्याला थोर म्हणताना मला जराही संकोच वाटत नाही.

पाकिस्तानविरुद्धच्या मुंबईच्या त्या सामन्यात, आपल्या तेविसाव्या कसोटीत, त्यांनी हजार धावा आणि शंभर बळी हा दुहेरी टप्पा पूर्ण केला. तो सर्वांत कमी सामन्यांत गाठण्याचा विक्रम 1979 पर्यंत त्यांच्या नावावर होता. इयन बोथम यांनी तो एकविसाव्या कसोटीत मोडला.

प्रश्न : 1952 च्या लॉर्ड्स कसोटीला ‘मंकड यांची कसोटी’ म्हणतात. पण त्या दौऱ्याच्या संघात ते नव्हतेच, असे ऐकले. खरे काय? (एक वाचक, ठाणे)

आपण ऐकलेले खरे आहे. मंकड तेव्हा इंग्लंडच्या लँकेशायर लीगमधील हॅस्लिंगडन या क्लबाकडून व्यावसायिक म्हणून खेळत होते. क्रिकेटवरच घर चालवणाऱ्या माणसाला असा करार सोडताना हाती काहीतरी ठोस हवे असते, म्हणून दौऱ्यासाठी आपली निवड नक्की असल्याची हमी त्यांनी नियामक मंडळाकडे मागितली. ती मिळाली नाही आणि संघ त्यांच्यावाचून गेला. वर्षाच्या सुरुवातीलाच ज्याने पहिला विजय मिळवून दिला, त्याला एवढे आश्वासन देता येऊ नये, ही त्या काळच्या कारभाराची मोठी चूक होती, असे माझे स्पष्ट मत आहे. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्यावर चार बाद अशी झाली, आणि मग मंडळाला मंकड आठवले. हॅस्लिंगडनने त्यांना उरलेल्या कसोटींसाठी मोकळे केले.

19 जूनला लॉर्ड्सवर सामना सुरू झाला. पंकज रॉय यांच्यासह सलामीला येऊन मंकड यांनी 72 धावा केल्या आणि सलामीची जोडी शंभरापलीकडे नेली, तरी भारताचा डाव 235 वर आटोपला. मग इंग्लंडने 537 धावा उभारल्या. लेन हटन यांनी 150 आणि गॉडफ्री एव्हन्स यांनी 104 धावा केल्या. या डावात मंकड यांनी 73 षटके टाकली, त्यांतली 24 निर्धाव, आणि 196 धावांत 5 बळी घेतले. डाव संपल्यावर सलामीच्या फलंदाजाला पुन्हा मैदानात उतरण्यापूर्वी मिळतात जेमतेम दहा मिनिटे. 438 चेंडू टाकलेला, पस्तिशीत पोहोचलेला हा खेळाडू तेवढ्या वेळात पॅड बांधून रॉय यांच्याबरोबर पुन्हा सलामीला गेला आणि त्याने 184 धावा केल्या. कर्णधार विजय हजारे यांच्यासह तिसऱ्या गड्यासाठी त्यांनी 211 धावा जोडल्या, त्यांत हजारे यांचा संपूर्ण डाव 49 धावांचा होता. तोपर्यंत कोणत्याही भारतीयाने कसोटीच्या एका डावात इतक्या धावा केल्या नव्हत्या.

भारताने 378 पर्यंत मजल मारली, पण इंग्लंडला हवे होते फक्त 77. त्या छोट्या डावातही मंकड यांनी 24 षटके टाकून 35 धावा दिल्या, म्हणजे सामन्यात त्यांची एकूण 97 षटके झाली. भारत आठ गडी राखून हरला. लॉर्ड्सच्या ड्रेसिंग रूममध्ये शतकवीरांचा एक आणि पाच बळी घेणाऱ्यांचा एक असे मानाचे फलक आहेत. पाहुण्या संघांच्या ज्या मोजक्या खेळाडूंची नावे दोन्ही फलकांवर आहेत, त्यांत कीथ मिलर आणि गॅरी सोबर्स यांच्या पंक्तीला मंकड आहेत, आणि त्यांनी या दोन्ही नोंदी एकाच सामन्यात केल्या.

प्रश्न : बिल ब्राउन यांना धावचीत करताना मंकड यांनी आधी सूचना दिली होती का? (एक वाचक, बेळगाव)

ही घटना दोनदा घडली, त्यामुळे उत्तरात नेहमी गोंधळ होतो. 1947-48 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सिडनीला ऑस्ट्रेलियन इलेव्हनशी सामना झाला, तोच ज्यात डॉन ब्रॅडमन यांनी आपले शंभरावे प्रथम श्रेणी शतक पूर्ण केले. त्या सामन्यात गोलंदाजाच्या टोकाला उभे असताना चेंडू टाकण्यापूर्वीच क्रीज सोडणाऱ्या ब्राउन या ऑस्ट्रेलियन फलंदाजाला मंकड यांनी आधी सावध केले आणि त्यांनी पुन्हा तेच केल्यावर धावचीत केले. पुढे डिसेंबरमध्ये, त्याच मैदानावरील दुसऱ्या कसोटीत, ब्राउन पुन्हा पुढे सरकले तेव्हा मंकड यांनी सूचना न देता बेल्स उडवल्या. काही ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांनी टीका केली, परंतु प्रतिस्पर्धी कर्णधार असलेल्या ब्रॅडमन यांनी आपल्या आत्मचरित्रात मंकड यांचीच बाजू घेतली.

या प्रकाराला ‘मंकडिंग’ असे त्यांचे नाव चिकटले, हे मला आजही अन्यायाचे वाटते. त्याच दौऱ्यात मेलबर्नला त्यांनी रे लिंडवॉल यांच्यासारख्या गोलंदाजासमोर 116 आणि 111 अशी दोन कसोटी शतके केली, ती किती जणांना ठाऊक आहेत? क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने ऑक्टोबर 2022 पासून अशा बाद होण्याची तरतूद ‘अनुचित खेळ’ या नियमातून काढून ‘धावचीत’च्या नियमात घातली आहे. पंचाहत्तर वर्षांनी का होईना, नियमपुस्तकाने मंकड यांना योग्य बाजूला उभे केले.

प्रश्न : मंकड महाराष्ट्राकडूनही खेळले होते का? (एक वाचक, पुणे)

होय, पण थोडा काळ. रणजी करंडकात ते नवानगर, महाराष्ट्र, गुजरात, बंगाल, मुंबई आणि राजस्थान अशा अनेक संघांकडून खेळले. त्या काळी खेळाडू संस्थानिकांच्या किंवा व्यापारी आस्थापनांच्या आश्रयाला असत, आणि नोकरी बदलली की संघही बदले. मुंबईशी मात्र त्यांचे नाते कायमचे जडले. धर्मनिहाय संघांच्या पंचरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून ते खेळले, पुढे मुंबईकडून खेळले, याच शहरात राहिले आणि 21 ऑगस्ट 1978 रोजी येथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र अशोक मंकड यांनी भारताकडून 22 कसोटी खेळल्या आणि मुंबईचे नेतृत्व केले.

प्रश्न : सलामीपासून अकराव्या क्रमांकापर्यंत सर्व जागांवर मंकड यांनी फलंदाजी केली, हे शक्य आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक)

शक्य आहे, आणि नोंदीत तसे आहे. मात्र ही केवळ गंमतीची नोंद नव्हे. संघाला सलामीवीर मिळेना, की मंकड सलामीला. दिवसभर गोलंदाजी करून ते थकले, की खाली. मधली फळी कच्ची वाटली, की तिथे. स्थिर जागा मिळाली असती तर त्यांच्या धावा वाढल्या असत्या, असे मला वाटते, कारण सलामीला जम बसला की ते काय करू शकत, हे जानेवारी 1956 मध्ये मद्रासला दिसले. न्यूझीलंडविरुद्ध पंकज रॉय (173) यांच्यासह त्यांनी 413 धावांची सलामी दिली. ती जागतिक विक्रम म्हणून 52 वर्षे टिकली आणि 2008 मध्ये नील मॅकेन्झी व ग्रॅमी स्मिथ यांनी 415 धावा करून ती मागे टाकली. त्या डावातील मंकड यांच्या 231 धावा भारताचा वैयक्तिक उच्चांक म्हणून 1983 पर्यंत राहिल्या. त्याच शहरात, पण चेपॉकच्या मैदानावर, सुनील गावसकर यांनी नाबाद 236 धावा करून तो ओलांडला.

अकराही क्रमांकांवर खेळलेले कसोटीपटू त्यांच्याखेरीज दोनच आहेत, इंग्लंडचे विल्फ्रेड ऱ्होड्स आणि ऑस्ट्रेलियाचे सिड ग्रेगरी. त्या दोघांनी प्रत्येकी 58 कसोटी खेळल्या, मंकड यांना मिळाल्या 44.