फॉर्म तुम्ही भरलात, पण मुलीचं काय?

प्रश्न : मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय केमिस्ट्री. एस.वाय.ला ५८ टक्के पडले. मी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय, क्लासची फीसुद्धा भरली. ती मात्र फिनाइल अ‍ॅसिटेटच्या प्रोजेक्टमध्ये अडकली आहे. सॉल्व्हंट बदलला की प्रॉडक्ट का बदलतो, एवढंच डोक्यात. सॉल्व्हंट म्हणजे नुसतं विरघळवायचं द्रव, त्यात कसलं करिअर? तिला समजवा.
– एक पालक

उत्तर : ५८ टक्क्यांची मला काळजी नाही. फॉर्म तुम्ही भरलात, फी तुम्ही भरलीत, पत्रही तुम्हीच लिहिलंत, याची आहे. तिला काय हवंय, याची एक ओळही पत्रात नाही. बँकेची नोकरी चांगलीच. पण बळेच क्लासला बसवलेली मुलं 'आणखी एक अटेम्प्ट' म्हणत वर्षं घालवतात, आणि बोल पुन्हा त्यांनाच लागतो.

सॉल्व्हंटबद्दल मात्र तुम्ही साफ चुकता. तिचा विषय फ्राइज रिअरेंजमेंट, म्हणजे रेणूतल्याच एका गटाने जागा बदलण्याची क्रिया, दिसतो. फिनाइल अ‍ॅसिटेटला अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड लावलं की अ‍ॅसिटाइल गट ऑक्सिजनला सोडून बेंझिनच्या कड्यावर जातो. शेजारी बसला तर ऑर्थो, समोर बसला तर पॅरा. पोलर सॉल्व्हंट (ज्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण) क्रियेत तयार होणाऱ्या धन आणि ऋण आयनांना सुटं होऊ देतो, त्यामुळे पॅराचा वाटा वाढतो. नॉन-पोलरमध्ये ते जोडीनेच राहतात आणि ऑर्थोकडे कल जातो. यातला पॅरा पदार्थ पॅरासिटामॉल बनवण्याच्या एका औद्योगिक मार्गात लागतो. तिथे ऑर्थो म्हणजे वाया गेलेला माल. औषध कंपन्यांच्या प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये या निवडीवर माणसं पगार घेतात. शिवाय औषधात सॉल्व्हंट किती उरला, तेही बघावं लागतं : टोल्युइनला ८९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ८९०) मुभा, बेंझिनला फक्त २.

एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅम परीक्षा, पुढे नेट किंवा गेट. हे रस्ते तिला ठाऊक असतील.

तिला समजावण्याऐवजी मी एक प्रश्न विचारतो. दोन्ही सॉल्व्हंटमध्ये तापमान एकच ठेवलं होतं का? कमी तापमानाला पॅरा आणि जास्त तापमानाला ऑर्थो वाढतो, तेव्हा तापमान बदललं असेल तर सगळं श्रेय सॉल्व्हंटला देता येणार नाही. याचं उत्तर तिनेच लिहावं. तुम्ही फक्त पत्ता द्या.