वाचक विचारतात : दगड बघायचे की समुद्र?

प्रश्न : ताई, आम्ही दोघं ऑक्टोबरमध्ये तुर्कस्तानला चाललोय, अंताल्या ते फेथिये गाडीने, हातात पाच दिवस. ह्यांना इतिहासाचं वेड आणि मला नुसता समुद्र हवाय, पडक्या भिंती बघून कंटाळा येतो. दोघांचं कसं जमवायचं?

उत्तर : अहो, ह्या किनाऱ्यावर समुद्र आणि अवशेष वेगळे काढताच येत नाहीत, म्हणून तर मला तो इतका आवडतो! ह्या भागाला प्राचीन काळी लिशिया म्हणत. अंताल्याहून निघालात की पहिलं फासेलिस हे जुनं शहर घ्या, तिथे तीन जुनी बंदरं आहेत आणि पाइनच्या सावलीत कपडे ठेवून सरळ त्या बंदरातच पोहायचं. इसवीसनपूर्व ३३४-३३ च्या हिवाळ्यात अलेक्झांडर इथे येऊन राहिला होता, तुमच्या ह्यांना तेवढं सांगा, ते तासभर हलणार नाहीत.

मग देम्रे गावाजवळ मीरा, हेही जुनं शहर. कड्यात कोरलेली थडगी रस्त्यावरूनच दिसतात, पण जरा जवळ जाऊन नीट बघा, कारण लिशियाची लोकं लाकडी घरांत राहायची आणि थडगी दगडात कोरताना त्यांनी त्या घराचे वासे, तुळया, चौकटी सगळं जसंच्या तसं दगडात उतरवलंय. घरं केव्हाच कुजून गेली, ती कशी होती हे आता ह्या थडग्यांवरूनच कळतं. मला ह्यासाठी पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं.

मुक्काम काशला करा, किमान दोन रात्री. तिथून एक दिवस केकोवा बेटाची बोट. भूकंपात जमीन खचली आणि तिथल्या जुन्या गावाचा काही भाग पाण्याखाली गेला, त्याच्या भिंती-पायऱ्या बोटीतून दिसतात. बुडालेल्या अवशेषांपाशी पोहायला बंदी आहे, ती पाळा प्लीज, बोटवाले पोहायला दुसऱ्या खाडीत थांबतात. समोरच्या कालेकोय गावाला पाण्यात उभं असलेलं एकटं दगडी थडगं दिसेल, तो फोटो तुम्ही घरी लावाल बघा.

पताराला मात्र घाई करू नका. सुमारे १८ किलोमीटर वाळू, आणि तिथे जायची वाट जुन्या शहरातून जाते. लिशियातल्या शहरांनी मिळून केलेल्या लिशियन संघाचं सभागृह तिथे दुरुस्त करून पुन्हा उभं केलंय, त्याच्या दगडी पायऱ्यांवर जरा वेळ बसा. स्ट्रॅबो हा प्राचीन ग्रीक भूगोलकार लिहितो की संघात २३ शहरं होती, सगळ्यात मोठ्यांना तीन मतं, मधल्यांना दोन, बाकीच्यांना एक. म्हणजे शहराच्या आकारानुसार मतं, दोन हजार वर्षांपूर्वी! अमेरिकेच्या संविधानावर वाद चालला होता तेव्हा तिथला एक संस्थापक नेता हॅमिल्टन ह्याने ह्याच संघाचा दाखला दिला होता. तुम्ही समुद्रावर पडून राहा, ह्यांना इथे सोडा, संध्याकाळी वाळूत भेटा. कासवं इथे अंडी घालतात त्यामुळे त्या सीझनमध्ये रात्री किनारा बंद असतो, अंधार पडायच्या आत निघा.

तिथून जवळच झँथोस, लिशियाचं आणखी एक जुनं शहर. इसवीसनपूर्व ५४० च्या सुमारास इराणी सैन्य आलं तेव्हा इथल्या लोकांनी बायका-मुलं, चीजवस्तू सगळं गढीत कोंडून आग लावली आणि स्वतः लढत मेले, असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. त्या गढीवर उभं राहून खालचं खोरं बघताना मला बोलवत नव्हतं. इथली उत्तम शिल्पं १८४० च्या दशकात फेलोज ह्या इंग्रज प्रवाशाने लंडनला नेली, ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, जागेवर नाहीत ह्याचं वाईट वाटतंच.

प्रश्न : डोंगरावर आपोआप जळणारी आग तिकडेच आहे ना? दहा वर्षांच्या मुलीला नेऊ का?

उत्तर : हो, यानार्ताश, ह्याच किनाऱ्यावरच्या ओलिंपोस ह्या जुन्या शहराजवळ. खडकाच्या भेगांतून मिथेन वायू येतो आणि पेटलेला राहतो. सिंहाचं तोंड, मधे बकरी, मागे साप असा जो कायमेरा राक्षस ग्रीक कथांत आहे तो इथलाच मानतात. मुलीला जरूर न्या, गोष्ट वर जाता जाता सांगा. सुमारे अर्ध्या तासाचा चढ आहे, उजेड असताना चढायला लागा म्हणजे ज्वाळा अंधारात दिसतील, आणि उतरायला प्रत्येकाच्या हातात टॉर्च हवा, पायऱ्या ओबडधोबड आहेत.