कृषी सल्ला: कुंडीतील रोझमेरी, बेसिल, ओरेगानो आणि पार्सली

प्रश्न (निफाड व इगतपुरी परिसरातील शेतकऱ्यांकडून): इटालियन पदार्थांत लागणाऱ्या वनस्पती घरी कुंड्यांत लावल्या. रोझमेरी पावसाळ्यात वाळली. पाणी कमी पडले असेल का? बेसिलला लवकर तुरे आले आणि पाने कडवट झाली. रोपवाटिकेतून आणलेला ओरेगानो ओव्याच्या पानांसारखाच दिसतो, हे कसे? चार गुंठ्यांत लावून हॉटेलांना विकता येईल का?

उत्तर: रोझमेरीला पाणी कमी पडले नसून बहुधा जास्त झाले आहे. ही भूमध्य सागराच्या काठची वनस्पती असून तिकडे पाऊस मुख्यतः शरद ऋतूत व हिवाळ्यात पडतो आणि जुलै महिना कोरडा जातो; आपल्याकडे नेमके उलटे असल्यामुळे, वाढीच्या उबदार काळातच तिच्या मुळांशी पाणी साचते, मुळे कुजतात आणि कुजलेली मुळे पाणी उचलू शकत नसल्याने वरचे झाड तहानलेले असल्यासारखे वाळते. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो व उरलेसुरले झाडही जाते. म्हणून कुंडीत काळी माती वापरू नये. पोयटा माती, जाडसर वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळावे, तळाची भोके मोकळी ठेवावीत आणि वरची दोन बोटे माती कोरडी झाल्याशिवाय पाणी देऊ नये. नारळाचा भुसा ओल धरून ठेवतो, त्यामुळे रोझमेरीसाठी तो टाळलेलाच बरा. जून ते सप्टेंबर कुंडी पावसाची झड लागणार नाही अशा, परंतु भरपूर उजेडाच्या पडवीत हलवावी. इगतपुरीसारख्या घाटमाथ्यावर हे अनिवार्य समजावे. रोझमेरीचे बी फार हळू व कमी उगवते, तेव्हा नोव्हेंबर ते जानेवारीत 8 ते 10 सेंटीमीटर लांबीचे छाट खालची पाने काढून वाळूमिश्रित मातीत लावावेत.

बेसिलची गोष्ट वेगळी आहे. ही तुळशीच्याच कुळातील वनस्पती असून फालुद्यात घालतो तो सब्जा याच प्रजातीचे बी आहे. मात्र सब्ज्याच्या रोपाला इटालियन पदार्थांत वापरल्या जाणाऱ्या जेनोव्हा वाणाच्या पानांचा गंध येईल अशी अपेक्षा ठेवू नये, त्यासाठी त्या वाणाचेच बी घ्यावे. रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की दुसऱ्या जोडीच्या वर शेंडा खुडावा, म्हणजे खालून दोन फांद्या फुटतात, आणि पुढेही तुरा दिसताच काढून टाकावा. फुलोरा आल्यावर झाडाचा जोर बियांकडे वळतो व पानांची चव उतरते. युरियाचा मोह टाळावा. त्याने पाने मोठी होतात पण गंध पातळ होतो. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरेसे आहे. दमट हवेत पानांच्या खालच्या बाजूस करडी बुरशी दिसली तर तो केवडा रोग असू शकतो, ज्याला द्राक्ष बागायतदार डाऊनी म्हणतात. अशी पाने तोडून नष्ट करावीत, झाडांत अंतर ठेवावे आणि पाणी सकाळी, पानांवर न उडवता, बुडाशी द्यावे. पाने कच्चीच खाल्ली जात असल्याने माव्यासाठी आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारे, कीटकनाशक मुळीच वापरू नये. पाण्याचा जोरदार फवारा बहुधा पुरतो, न पुरल्यास 5 टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारून काही दिवसांनी, स्वच्छ धुऊनच पाने वापरावीत.

तुमचा ओरेगानो बहुधा पानओवा आहे. त्याची पाने जाड, मांसल व लवदार असतात आणि त्याची भजी उत्तम होतात. खऱ्या ओरेगानोची पाने लहान व पातळ आणि काड्या बारीक, काटक असतात. गंधद्रव्ये काही अंशी सारखी असल्याने वासावरून फसगत होते, त्यामुळे पान पाहूनच रोप घ्यावे. खऱ्या ओरेगानोची निगा रोझमेरीप्रमाणेच ठेवावी.

पार्सलीचे बी रात्रभर भिजवून ऑक्टोबरमध्ये, निदान 20 सेंटीमीटर खोल कुंडीत थेट पेरावे. उगवायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर वाफसा, म्हणजे मातीत बेताची ओल, टिकवावा.

विक्रीबाबत सांगायचे तर, चार गुंठे लावण्याआधी खरेदीदार, त्याला दर आठवड्याला लागणारे वजन आणि दर या तिन्ही गोष्टी ठरवून घ्याव्यात. बेसिलची पाने फ्रिजच्या थंडीत काळी पडतात, त्यामुळे माल साठवून ठेवण्याची सोय नाही. सुरुवात ओरेगानोने करणे अधिक सुरक्षित, कारण तो सावलीत वाळवून हवाबंद बरणीत कित्येक महिने टिकतो.