मॅकडोनाल्ड्स, बर्गर किंग, केएफसी: बर्गर कुणाचा चांगला आणि फ्राइज कुणाचे?

तुमचा प्रश्न असा आहे: धुळ्याहून नाशिकला किंवा सुरतेला गेलं की मुलं बर्गर-फ्राइजसाठी हटून बसतात, तर मॅकडोनाल्ड्स, बर्गर किंग आणि केएफसी यांपैकी त्यांना कुठे न्यावं? आणि पार्सल घरी आणेपर्यंत फ्राइज मऊ का पडतात?

मीही धुळ्याचाच, आमच्या घरीही हेच चालतं, म्हणून आधी निकाल सांगून टाकतो. फ्राइज मॅकडोनाल्ड्सचे. चिकन खात असाल तर बर्गर केएफसीचा, तोही झिंगर. एका बर्गरमध्ये पोट भरायचं असेल तर बर्गर किंगचा व्हॉपर. घर शाकाहारी असेल तर मॅकडोनाल्ड्स. आणि फ्राइजचं पार्सल कुठूनच आणू नका.

फ्राइजबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोक ब्रँडवरून वाद घालत बसतात आणि मुख्य गोष्ट बाजूलाच राहते. फ्राइज कसे लागतील हे दुकानाच्या पाटीपेक्षा ते तेलातून निघून किती मिनिटं झाली यावर जास्त ठरतं.

माझी सासुरवाडी सावद्याची. सावदा, फैजपूर, रावेर हा सगळा केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती हीच केळी. तिकडे रस्त्याच्या कडेला वेफर तळतात, ते एकदा उभं राहून नीट बघा. कच्ची केळी सोलून किसणी थेट कढईवर धरतात, चकत्या सरळ तापलेल्या तेलात पडतात. तेल आधी जोरात फसफसतं. मग बुडबुडे कमी होत जातात, आवाज बदलतो, चकत्या झाऱ्याला लागून खळखळ वाजायला लागतात. तेव्हा घाणा काढतात. ते बुडबुडे म्हणजे केळ्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं. बुडबुडे थांबले म्हणजे पाणी संपलं. म्हणून ते वेफर घट्ट झाकणाच्या डब्यात कितीतरी दिवस कुरकुरीत राहतात.

फ्राइजचं तसं नसतं. बटाट्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं आणि फ्राय वेफरच्या कितीतरी पट जाड असतो. तळताना त्याचा वरचा पातळ थर तेवढा कोरडा होऊन कडक होतो, आतला बटाटा स्वतःच्या वाफेवर शिजून मऊ राहतो. बाहेर कडक आणि आत मऊ, हीच तर फ्राइजची मजा. पण तेलातून निघाल्याबरोबर आतलं पाणी बाहेरच्या कोरड्या थराकडे सरकायला लागतं. दहा मिनिटांत कडकपणा जातो. पिशवीचं तोंड बंद केलं की वाफ आतच कोंडते आणि मग तेवढाही वेळ लागत नाही. नाशिकहून घेतलेले फ्राइज पिंपळगावचा टोलनाका येईपर्यंतच लोळागोळा झालेले असतात, मग चांदवड, मालेगाव ओलांडून धुळ्यापर्यंत त्यांचं काय राहणार? यात कुठल्याच कंपनीचा दोष नाही, बटाट्याचा स्वभावच तो. उरलेच तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, आणखी लिबलिबीत होतात. जाड बुडाच्या तव्यावर तेल न घालता परता, थोडे तरी सावरतात.

आता कंपन्यांमधला फरक. मॅकडोनाल्ड्सचे फ्राइज बारीक असतात, त्यामुळे प्रत्येक घासात कडक भाग जास्त येतो. म्हणून ताजे असताना मला त्यांच्या तोडीचे दुसरे वाटत नाहीत. पण बारीक असल्यामुळे ते गारही लवकर होतात. बर्गर किंगचे जाड असतात. ज्याला बटाट्याची चव हवी, हळूहळू गप्पा मारत खायचं आहे, त्यानं खुशाल ते घ्यावेत, ऊब जास्त वेळ धरून ठेवतात. केएफसीत मी फ्राइज फक्त चिकनच्या जोडीला घेतो, नुसत्या फ्राइजसाठी तिथे जात नाही.

घरी आपण करतो ते असे का होत नाहीत, हेही ओघानं सांगतो. भाजीचा बटाटा आणि फ्राइजचा बटाटा वेगळा. फ्राइजला स्टार्च जास्त आणि साखर कमी असलेला बटाटा लागतो. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं त्यासाठी कुफरी फ्रायसोना नावाचं वाण काढलं आहे. शिवाय आपल्या बाजारातला बराच बटाटा शीतगृहातून आलेला असतो. थंडीत ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर व्हायला लागते आणि तळताना तीच साखर करपते. म्हणून घरचे फ्राइज बाहेरून काळपट आणि आतून अर्धे कच्चे निघतात, हात कितीही सुगरण असला तरी.

भारतातल्या मॅकडोनाल्ड्सला फ्राइज पुरवणाऱ्या मॅकेन कंपनीचा कारखाना गुजरातमध्ये मेहसाण्याला आहे. तिथल्या शेतकऱ्यांकडून करारानं बटाटा घेतात. सोलून, कापून, गरम पाण्यातून काढतात, त्यात जादा साखर निघून जाते. मग अर्धवट तळून उणे १८ अंशांना गोठवतात. दुकानात फक्त शेवटचं तळण होतं, साधारण १७० अंशांच्या तेलात तीनेक मिनिटं. म्हणजे आपण खातो तो फ्राय दोनदा तळलेला असतो. तेल चुकलं, टोपली जास्त भरली किंवा तळलेला माल ऊब देणाऱ्या दिव्याखाली पडून राहिला, की चांगल्यातल्या चांगल्या बटाट्याची माती होते. एका मॉलमध्ये भर गर्दीत घेतलेले फ्राइज मला गरमागरम मिळाले आणि त्याच ठिकाणी दुपारी शुकशुकाट असताना वातड मिळाले. गर्दी असली की माल पडून राहत नाही, एवढं लक्षात ठेवून वेळ निवडा.

काउंटरवर सरळ सांगायचं, “ताजे तळून द्या, आम्ही थांबतो.” देतात. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

घरात वडीलधारी मंडळी असतील तर एक शंका हमखास येते: फ्राइजमध्ये गाईची चरबी असते का? ही शंका हवेतून आलेली नाही. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्स १९९० पर्यंत गोवंशाच्या चरबीत फ्राइज तळत असे. नंतर वनस्पती तेल आलं, पण चवीसाठी बीफचा अर्क चालूच होता. त्यावरून २००१ साली तिथे खटला झाला आणि २००२ मध्ये कंपनीनं १ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. हे सगळं अमेरिकेतलं. भारतात कंपनी १९९६ साली आली. इथे गोमांस, डुकराचं मांस मुळातच ठेवत नाहीत, फ्राइज शाकाहारी असतात, शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांचे विभाग व तेल वेगळं ठेवतात आणि मेयोनीज बिनअंड्याचं वापरतात. आमच्याकडे वारकरी घरातली माणसं सोबत असली की आम्ही डोळे झाकून तिथेच जातो, ते यासाठीच. बाकी दोन्हीकडे मेयोनीजचं तेवढं विचारून घ्या.

बर्गरचं मोजमाप वेगळं. तिथे सगळा खेळ मधल्या टिक्कीचा. झिंगर मला आवडतो, कारण त्यात चिकनचा अख्खा तुकडा असतो. चावल्यावर मांसाचे धागे जाणवतात, वरचं आवरण खरखरीत लागतं. मॅकचिकनची टिक्की चिकन बारीक करून थापलेली असते, लहान मुलांना चावायला सोपी, पण मोठ्या माणसाचं समाधान होत नाही. व्हॉपर हे बर्गर किंगचं १९५७ पासूनचं नाव. बन रुंद, कांदा-टोमॅटो-लेट्यूस भरपूर. भुकेच्या वेळी तोच परवडतो. शाकाहारी माणसानं मात्र हे ध्यानात घ्यावं की मोठ्या बनमध्ये टिक्की सौम्य असली की शेवटी पाव आणि सॉसच खाल्ल्यासारखं वाटतं.

मॅकडोनाल्ड्सचा आलू टिक्की बर्गर या सगळ्यांत आपल्या जिभेला जवळचा आहे, बटाटा-वाटाण्याची मसालेदार टिक्की, कांदा, टोमॅटो. तरीही आमच्या आईनं पहिल्यांदा खाल्ला तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “यामा तिखट कोठे शे?” काळ्या मसाल्याच्या शेवभाजीवर आणि ठेच्यावर वाढलेल्या माणसाला बनचा आणि सॉसचा गोडवा फार पुढे येऊन लागतो. तिच्यासाठी आम्ही आता मॅकस्पायसी पनीर मागवतो. ते बऱ्यापैकी झणझणीत असतं आणि पनीरचा तुकडा जाड असतो. फ्राइजवर पेरी-पेरीची पुडी टाकून मिळते, पण घरी करायचे असतील तर नंदुरबारच्या मिरचीची पूड आणि मीठ करून बघा. नंदुरबारला पथारींवर लालभडक मिरची वाळत घातलेली असते, तिच्या पुढे त्या पुडीचा तिखटपणा काहीच नाही. मिरची थेट गरम फ्राइजवर भुरभुरायची, तेलात टाकायची नाही, नाहीतर ठसका उठून सगळं घर खोकत बसतं.

तुम्ही गाडीवरच्या बर्गरबद्दल विचारलं नाहीत, पण धुळ्या-जळगावात राहून तो विषय टाळणं मला बरं वाटत नाही. आपल्याकडच्या गाड्यांवर बन तव्यावर लोणी लावून भाजतात, हिरवी चटणी घालतात, तिखट वाढवून मागता येतं आणि सगळं डोळ्यांसमोर होतं. चवीला तो कित्येकदा मोठ्या दुकानाच्या आलू टिक्कीला मागे टाकतो, आणि पैसेही कमी लागतात. मी तो आवडीनं खातो. दोन गोष्टी मात्र बघूनच. एक म्हणजे तेल. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार तेलातले ध्रुवीय घटक, म्हणजे तेच तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं त्यात वाढत जाणारे पदार्थ, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल तळणाला वापरायचं नाही. आपल्याजवळ मोजायचं यंत्र नसतं, पण तेल काळं आणि दाट दिसत असेल, घाणा नसतानाही फेस धरत असेल, धूर सोडत असेल तर पुढच्या गाडीवर जायचं. दुसरं मेयोनीज. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि मेयोनीजची बाटली दिवसभर गाडीवर उभी असते. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षभराची बंदी घातली होती, ती विषबाधेच्या घटनांमुळे. उन्हाळ्यात मुलांना गाडीवरचा बर्गर चटणी घालूनच द्या, मेयोनीज नको म्हणा.

पौष्टिकतेचा मुद्दा थोडक्यात. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेनूवर किलोकॅलरी लिहिणं आपल्याकडे बंधनकारक आहे. ऑर्डर देण्याआधी तो आकडा वाचा. मोठ्या माणसाची दिवसाची गरज साधारण २००० धरतात. बर्गर, मोठे फ्राइज आणि कोल्ड्रिंक यांची बेरीज करून बघितली की मोठ्या पाकिटाऐवजी मधलं पाकीट दोघांत घ्यावं, हे मुलांनाही समजावून सांगता येतं. आम्ही कोल्ड्रिंक वगळतो, बाहेर येऊन उसाचा रस पाजतो. मुलं कुरकुर करत नाहीत.

नाशिकच्या फेरीसाठी माझी पद्धत अशी: परतीच्या वाटेवर गाडीत खायला काही घ्यायचं झालं तर फक्त बर्गर. तो कागदात गुंडाळून तास-दीड तास बरा राहतो, कारण बनची कापलेली बाजू भाजलेली असते, सॉस लगेच आत मुरत नाही. फ्राइज तिथेच टेबलावर. आधी जागा मिळवा, बर्गर येऊ द्या, अर्धा खाऊन झाला की मग एकानं उठून फ्राइज सांगायचे. सगळं एकदम मागवलं तर मुलं आधी बर्गरशी झटापट करतात आणि फ्राइज बाजूला गार होतात.

आणि दर वेळी नाशिक-सुरत गाठायची गरजही नाही. धुळ्यात डीप फ्रीजर ठेवणाऱ्या किराणा दुकानांत गोठवलेल्या फ्राइजची पाकिटं मिळतात. गोठवलेलेच थेट तेलात टाका, बाहेर काढून वितळू देऊ नका, नाहीतर पाणी सुटतं आणि तेल पितात. कढई मोठी, तेल भरपूर, आणि एका वेळी दोन मुठींपेक्षा जास्त नाही, कारण गार माल पडला की तेलाचा ताव उतरतो. वर झाकण ठेवायचं नाही. काढल्यावर ताटात कागदावर ढीग न करता पसरवा, आणि मीठ लगेच, तेलाचा ओलावा आहे तोवरच, नंतर टाकलेलं मीठ ताटातच राहतं.