फर्स्ट लेगो लीगच्या टीमचा कोच व्हायला इंजिनियर असावं लागतं का?

नाही लागत. घाई असेल तर एवढं वाचून पुढे गेलात तरी चालेल.

प्रश्न डॅलसच्या एका आईने विचारलाय. मुलगा पाचवीत, शाळेत एफएलएलची (फर्स्ट लेगो लीग, म्हणजे मुलांनी लेगोचा रोबो बांधून चालवायची स्पर्धा) टीम नाही, ओळखीतल्या पाच-सहा घरांनी मिळून काढायचं चाललंय, पण कोच व्हायला कोणी तयार नाही. ‘मी स्वतः कॉमर्सची. मी झाले तर चालेल का? पालकांनी किती मदत करायची? आणि खर्च किती?’ मी गप्प बसणार होते. पण आधीच्या दोन उत्तरांत ‘एक तरी इंजिनियर पालक हवाच, नाहीतर मुलांचं नुकसान होतं’ असं ठोकून दिलेलं वाचलं आणि चहा गार होईपर्यंत हे लिहीत बसले.

मीही बी.कॉम. कॉलेज सांगलीचं, माहेर मिरजेचं, इथे न्यू जर्सीत एका कंपनीत बिलं तपासते. लेक सहावीत असताना, २०१७च्या ऑगस्टमध्ये, आमची आठ पोरांची टीम जमली. पाच मराठी, दोन तेलुगू, एक कोरियन मुलगी. कोच म्हणून किमान दोन मोठी माणसं नोंदवावी लागतात. एक लगेच मिळाले: नवऱ्याचे मित्र, मेकॅनिकल इंजिनियर, मंडळाच्या गणपतीचं मखर दरवर्षी तेच करतात. दुसऱ्यासाठी कोणी हात वर करेना, म्हणून मी केला. पहिल्याच मीटिंगला ते मला म्हणाले, “वहिनी, तुम्ही खाऊ आणि ईमेलचं बघा. रोबोचं मी बघतो.” मी हसून मान डोलावली. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

त्या वर्षीचा विषय पाणी होता, हायड्रो डायनॅमिक्स. आठ बाय चारच्या टेबलावर मॅट अंथरायचा आणि त्यावर लेगोची मॉडेलं मांडायची. फुटलेला पाइप, विहीर, नळ, पावसाचा ढग आणि पोरांचा सगळ्यात लाडका म्हणजे संडास. त्या संडासाचा खटका रोबोने हलवला की जलशुद्धीकरणाच्या मॉडेलमधून ‘पाणी’ बाहेर पडतं. पहिले दोन आठवडे नुसतं ‘फ्लश’ म्हटलं तरी गॅरेजभर हशा. सगळं मिळून अडीच मिनिटं, रोबोने आपलं आपण चालायचं, बेसच्या, म्हणजे सुरुवातीच्या जागेच्या, बाहेर असताना हात लावला की दंड. टेबलाशी एका वेळी दोनच मुलं. तीन फेऱ्या असतात, त्यातली सर्वात चांगली धरतात.

संडासाचं काम दोघांनी अंगावर घेतलं. त्यांनी केलेला हात म्हणजे एक लांब बीम, त्याला रबरबँड आणि खटक्यावरून घसरू नये म्हणून टोकाला लेगोच्या गाडीचं टायर. दिसायला थेट खराटा. त्याला वेगळी मोटरसुद्धा नव्हती. रोबो आधी टेबलाच्या कडेला पाठ टेकून सरळ व्हायचा आणि मग पुढे जाऊन धडक द्यायचा. तेव्हा माझी आई सहा महिन्यांसाठी आली होती. गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसायची. म्हणाली, “नुकतं चालाय लागलेल्या पोरागत भिंतीला धरून चालतंय की गं.”

मला गिअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मला येतो तो हिशोब. म्हणून मी एक जाडजूड वही आणली आणि नियम केला की रोबो चालवला की नोंद झालीच पाहिजे. तारीख, काय बदललं, दहापैकी किती वेळा जमलं. चुकलं तर का चुकलं तेही, मग ‘माहीत नाही’ एवढंच लिहिलं तरी चालेल. पहिल्या दिवशी खराटा दहात तीन. टायर लावल्यावर पाच. मग एका पोरीच्या लक्षात आलं की मीटिंगच्या सुरुवातीला जमतं आणि शेवटी शेवटी जमत नाही. वहीची पानं उलटी चाळून पाहिली तर बहुतेक भोपळे रोबो तासभर चालल्यानंतरचे. बॅटरी उतरली की धडक कमी पडत होती. त्या दिवसापासून बॅटरीचा आकडा हा वहीतला पाचवा रकाना झाला. आठवड्याने सात, रबरबँडला दुसरा वेढा दिल्यावर आठ. ही पोरं दहा-अकरा वर्षांची होती. याला इंजिनियरिंग म्हणत नसतील तर कशाला म्हणतात ते मला सांगा.

रोबोखेरीज प्रोजेक्टही असतो. विषयातला एक खराखुरा प्रश्न शोधून त्यावरचा तोडगा पाच मिनिटांत जजेसना सांगायचा. न्यू जर्सीत पाण्याचा प्रश्न आमच्या पोरांना काही सापडेना. नळ सोडला की येतं, प्रश्न कसला? तेव्हा आईने त्यांना २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे कशी गेली ते सांगितलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, जवळपास पाच लाख लिटर. आई सांगणार, मी भाषांतर करणार. “ट्रेनने पाणी?” कोरियन मुलीने तीनदा विचारलं. मग आठही घरांत बादली आणि स्टॉपवॉच घेऊन शॉवरखाली मोजणी सुरू झाली: गरम पाणी येईपर्यंत गार पाणी किती वाया जातं? अमेरिकेतल्या केंद्रीय कायद्याने शॉवरमधून मिनिटाला साडेनऊ लिटरपर्यंत पाणी चालतं, त्यामुळे पन्नास सेकंद वाट पाहिली की आठेक लिटर गेलंच. आमच्या घरचा आकडा तेवढाच भरला. आईने ती बादली उचलून सरळ कढीपत्त्याच्या कुंडीपाशी नेऊन ठेवली आणि प्रोजेक्ट तिथे सुरू झाला.

डिसेंबरात पात्रता फेरी होती. आदल्या संध्याकाळी सहकोच रोबो ‘चार्जिंगला’ म्हणून घरी घेऊन गेले. सकाळी डब्यातून निघाला तो वेगळाच. खराटा गायब. त्या जागी वर्म गिअरचा (स्क्रूसारखा असतो तो) देखणा हात, छोट्या मोटरवर चालणारा, आणि वळणं सगळी जायरो सेन्सरवर, म्हणजे रोबो किती वळला ते मोजणाऱ्या यंत्रावर. “रात्री दोनपर्यंत बसलो. माझ्याकडे वीसपैकी वीस वेळा चाललं,” म्हणाले. पोरं नुसती बघत राहिली. एकाने हळूच विचारलं, “आमचा कुठाय?” झिपच्या पिशवीत होता, सुटे तुकडे करून.

तेव्हा रोबो डिझाइन, प्रोजेक्ट आणि कोअर व्हॅल्यूज (टीम एकमेकांशी कशी वागते ते) यांच्या खोल्या वेगवेगळ्या असायच्या. (आता तिन्ही एकाच अर्ध्या तासाच्या बैठकीत होतात.) रोबो डिझाइनच्या खोलीत आम्ही दोघं मागच्या भिंतीशी, तोंडाला कुलूप लावून, कारण कोचने बोलायचं नसतं. जजबाईंनी वर्म गिअरला बोट लावून विचारलं, हा का निवडलात? शांतता. शेवटी सगळ्यात लहान तेलुगू पोरगा म्हणाला, “काल हा नव्हता.” बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. सहकोच छताकडे बघायला लागले. मग लेकीने वही पुढे केली. बाईंनी पानं उलटली, बॅटरीच्या रकान्यावर थांबल्या, हे काय म्हणून विचारलं, आणि आठही जण एकदम बोलायला लागले.

टेबलावर मात्र पहिल्या फेरीतच फजिती. आमचा रोबो लेगोच्या ईव्ही३ संचाचा. त्याचा जायरो सुरू होताना रोबो हलला तर त्याचा आकडा वाहत जातो. रोबो जागच्या जागी उभा असला तरी त्याला वाटतं आपण वळतोय. हे सहकोचना पक्कं ठाऊक होतं. पोरांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी नेहमीसारखा घाईघाईत, हातात धरूनच रोबो चालू केला आणि टेबलावर ठेवला. तो संडासाकडे पाठ करून वरातीतल्या घोड्यासारखा गोल गोल फिरत राहिला. दुसऱ्या फेरीत तेच. तिसरीच्या आधी पोरांनी मला विचारलं, “जुना लावू?” तेवढ्यात सहकोच “नको नको, मी दोन मिनिटांत दुरुस्त करतो,” म्हणत लॅपटॉपकडे वळले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका परक्या पुरुषाचं मनगट धरलं. म्हटलं, “भावजी, हात खिशात.”

पोरांनी खराटा बारा मिनिटांत परत बांधला. चित्र नाही, सूचना नाहीत, नुसत्या सरावाने. जुना प्रोग्राम लॅपटॉपवर होताच. तिसऱ्या फेरीत रोबो कडेला पाठ टेकून सरळ झाला, गेला, धडकला, आणि खटका हलला. पोरांच्या आरडाओरड्याने शेजारच्या टेबलावरचा रेफरीसुद्धा वळून बघायला लागला. बक्षीस काही मिळालं नाही. पुढच्या फेरीलाही गेलो नाही.

पार्किंगमध्ये मला ऐकवलं गेलं: “वहिनी, तुमच्या हट्टापायी मुलांची संधी गेली. टेक्निकल गोष्टींत इमोशनल होऊन चालत नाही.” वर ग्रेशियस प्रोफेशनलिझमवर पाच मिनिटं प्रवचन. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी रूढ केलेला हा शब्द या स्पर्धेत उठता-बसता ऐकू येतो. जीव तोडून खेळा पण समोरच्याचा मान राखा, असा त्याचा साधारण अर्थ. गाडीत पोरं होती म्हणून मी काही बोलले नाही. तेव्हा राहिलं ते आज बोलते. भावजी, तुमच्याकडे वीसपैकी वीस वेळा चाललं, कारण चालवणारे तुम्ही होतात. टेबलाशी तुम्हाला उभं राहता येत नाही. आणि रोबोचा खेळ हा चार भागांपैकी फक्त एक भाग. डिझाइन, प्रोजेक्ट आणि कोअर व्हॅल्यूज या बाकीच्या तिन्हींत जजेस पोरांना प्रश्न विचारतात, पोरांच्या बापांना नाही.

तर मदत किती करायची? रोबोला, लॅपटॉपला आणि चार्टपेपरला हात लावायचा नाही. तोंडाने विचारायचं: काय झालं, किती वेळा झालं, वहीत लिहिलं का? पोरं तासन्‌तास चुकीच्या रस्त्याने जाताना दिसतील. जाऊ द्या. हे इंजिनियर आई-बापांना आपल्यापेक्षा जड जातं, कारण त्यांना उत्तर समोर दिसत असतं. आपल्याला दिसतच नाही, त्यामुळे आपोआप शिस्त पाळली जाते.

आता त्यांच्या बाजूनेही थोडं. गिअर रेशो पोरांना त्यांनीच शिकवला, सायकल उलटी ठेवून, आणि इतका छान की मलासुद्धा कळला. तसं शिकवणं मला जन्मात जमलं नसतं. पुढच्या वर्षी त्यांनी वेगळी टीम काढली आणि ती वरच्या फेरीला गेलीसुद्धा. ती कशी गेली ते मी पाहिलेलं नाही, म्हणून बोलत नाही. आणि मीही धुतल्या तांदळासारखी नाही. प्रोजेक्टच्या भाषणातली शेवटची तीन वाक्यं माझी होती. फीडबॅकच्या कागदावर जजेसनी नेमकं त्याच समारोपाचं कौतुक केलं होतं. तो कागद मी सहकोचना दाखवला नाही.

खर्चाचं म्हणाल तर टीमची नोंदणी, त्या वर्षीचा मॅट-मॉडेलांचा सेट, रोबो आणि स्पर्धेची फी मिळून आम्हाला पहिल्या वर्षी हजार डॉलरच्या घरात गेले, आठ घरांत वाटून. दुसऱ्या वर्षी रोबोचा खर्च नसतो. कोणी स्वस्तात जुना ईव्ही३ देत असेल तर दहादा विचार करा. लेगोने २०२२ अखेर माइंडस्टॉर्म्स, म्हणजे ईव्ही३ ज्यातला ती रोबोंची मालिका, बंदच केली, केबल किंवा मोटर गेली की शोधत बसाल. लेगोचा कोणता संच सध्या मिळतो आणि स्पर्धेत चालतो ते विचारूनच घ्या. टेबल विकत घेऊ नका, प्लायवूड आणि टू-बाय-फोरच्या लाकडी पट्ट्या आणून एका शनिवारी होतं. अमेरिकेत चौथी ते आठवीची मुलं चालतात, एका टीममध्ये जास्तीत जास्त दहा, पण सहाच घ्या. आठांमध्ये दोघं कायम खिडकीतून बाहेर बघत असतात. कोचची पार्श्वभूमी तपासतात, ते फॉर्म वेळेवर भरा. नवं चॅलेंज ऑगस्टमध्ये येतं, त्याआधी टीम नोंदवून ठेवा.

दुसरा कोच इंजिनियर मिळाला तर उत्तमच. खाऊचं त्यांच्याकडे द्या. पोरांना दर मीटिंगला पोटभर लागतं, आणि एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी असतेच.