‘स्पॅनिश शिकून करणार काय?’

दहावीच्या निकालापासून अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत माझ्याकडे कोल्हापुरात समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. पूर्वी तो चित्रकलेबद्दल असायचा, मग जर्मनबद्दल. गेली काही वर्षं स्पॅनिशची पाळी आहे. “मॅडम, पोरगं हुशार आहे, पण डोक्यात स्पॅनिश घेतलंय. शिकून करणार काय?” राजारामपुरीतले डॉक्टर विचारतात, शिरोलीचे कारखानदार विचारतात, गावाकडून एसटीनं येणारे शेतकरीही विचारतात. म्हणून एकदा नीट लिहावं म्हटलं. नाव आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

ऋतुराज म्हणू त्याला. अकरावी सायन्स. करवीर तालुक्यातलं गाव, घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. वडिलांच्या मनात बी.एस्सी. अॅग्री पक्कं. पोराच्या मनात सायन्स सोडून आर्ट्स आणि पुढं दिल्लीत स्पॅनिशची बी.ए. सहामाहीत फिजिक्स गेलं, बापलेकांची बोलाचाली बंद झाली, तेव्हा आई दोघांना घेऊन आली.

स्पॅनिशचं वेड आलं कुठून, हे कोल्हापुरात विचारावं लागत नाही. फुटबॉल वर्ल्ड कपला इथं पेठापेठांत कटआउट लागतात आणि अर्जेंटिनावाले नि ब्राझीलवाले महिनाभर एकमेकांशी धड बोलत नाहीत. २०२२ साली अर्जेंटिना जिंकली तेव्हा ऋतुराज आठवीत होता. मेस्सीच्या मुलाखती स्पॅनिशमध्ये. त्या कळाव्यात म्हणून तो मोबाइलवर आपला आपण शिकत गेला. मग ऑनलाइन क्लास लावला, तर शिक्षिकेनं पहिल्याच दिवशी हटकलं. ‘मी’ला स्पेनमध्ये साधारण ‘यो’ म्हणतात, हा ‘शो’ म्हणत होता. ब्युनोस आयर्स, रोसारिओकडचा उच्चार तसाच आहे आणि मेस्सी रोसारिओचा. “मॅडम, माझं चुकलं नव्हतं. माझं तिकडच्या गावाकडचं होतं,” हे सांगताना तो माझ्यासमोर पहिल्यांदा हसला. मी ते मनात टिपून ठेवलं. गावाकडच्या बोलीची बाजू घेणारा मुलगा गावाला कंटाळून पळत नसतो.

पहिल्या बैठकीत दोघांनी नेहमीचा सामना खेळून दाखवला.

“जवळपास पन्नास कोटी लोकांची मातृभाषा आहे. वीस देशांत राजभाषा आहे,” ऋतुराज.

“असंल की. त्यातला एक तरी आपल्या गुळाचं गिऱ्हाईक हाय का?” वडील.

पालकांना पटवायला आकडे घेऊन येणारी मुलं मी खूप पाहिली. आकडे खरेच असतात, पण कुणाला पटत नाहीत, कारण समोरच्याची भीती आकड्यांची नसतेच. मुलाला एकट्याला बसवून त्याचा कल मोजणाऱ्या चाचण्या मी फार वापरत नाही. मुलाचा म्हणून आणलेला प्रश्न बहुतेक वेळा घरातल्या माणसांच्या मधोमध कुठंतरी पडलेला असतो, असं माझं मत आहे. काही सहकाऱ्यांना हे जुनाट वाटतं. वाटू दे. मी वडिलांना थांबवून घेतलं आणि विचारलं, “नापास झाला याचं वाईट वाटलं?”

“त्याचं काय न्हाई ओ. मीबी नापास झालोय कॉलेजात.” बराच वेळ ते चष्म्याच्या घराचं बटण उघडझाप करत राहिले. “रात्री खोलीत मोठ्यानं बोलत असतोय. हसतोय. माझ्याच घरात चाललंय आणि मला एक अक्षर कळत न्हाई.”

नोकरी, पगार, स्कोप हे सगळं बोलून झाल्यावर पालक जे बोलत नाहीत ते हे असतं. आपलं मूल अशा ठिकाणी निघालंय, जिथं आपल्याला बसायला पाट नाही. ‘उपयोग काय’ या प्रश्नाचं उत्तर देत बसलात तर हे कधीच बाहेर येत नाही.

ऋतुराजला मी गृहपाठ दिला: स्पॅनिशमध्ये असं काहीतरी शोध, जे तुझ्यापेक्षा बाबांना जास्त कळेल. तो वैतागला. आधी फुटबॉलचं काहीतरी घेऊन आला. ते मी परत पाठवलं, कारण फुटबॉल त्याचा होता, वडिलांचा नाही. पुढच्या खेपेला मात्र त्यानं मोबाइल टेबलावर ठेवला तो कोलंबियातल्या गुऱ्हाळाचा व्हिडिओ लावूनच. तिथं गुळाला ‘पानेला’ म्हणतात आणि गुळाच्या उत्पादनात भारताच्या खालोखाल कोलंबियाचं नाव येतं.

वडिलांनी चष्मा चढवला. चरकात ऊस जात होता, चुलवाणात चिपाडं जळत होती. “मागं घे जरा. एकाच चुलीवर ओळीनं चार काहिली? मग जाळ वाया जात नसणार.” व्हिडिओतला माणूस कसल्यातरी झाडाची साल ठेचून पाण्यात चोळत होता, तार सुटलेलं ते पाणी उकळत्या रसात ओतत होता आणि भराभर बोलत होता. ऋतुराज अडखळला. “हे वाक्य मला लागत नाही. शब्द कळतात, पण नक्की काय करतोय ते...”

“भेंडीचं काम करतंय ते,” वडील म्हणाले. “आपण रानभेंडीचा चिकट रस घालतोय का न्हाई? तसं. आता बघ, मळी वर येणार.”

काहिलीत मळी, म्हणजे रसातली घाण, वर आली. झाऱ्यानं ती काढायला लागले. कितीदा तरी ऐकून मुलाला न उलगडलेलं वाक्य स्पॅनिशचं अक्षर न येणाऱ्या बापानं सोडवलं होतं, आणि हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. मी गप्प बसले. आमच्या कामात गप्प बसायला शिकायला वर्षं लागतात आणि त्या दिवशी मला ते चांगलं जमलं, असं म्हणायला हरकत नाही. मुलगा सांगत होता की तिकडं गूळ गरम पाण्यात विरघळवून रोज पितात. आई म्हणाली, “म्हणजे पाव्हण्याला गूळपाणी देतात की.” मग वडिलांनी विचारलं, तिकडचा गुळव्या पाक झालेला कसा ओळखतो? याचं उत्तर ऋतुराजकडे नव्हतं. “शोधून सांगतो,” म्हणाला. संस्कृतीचा अभ्यास म्हणतात तो याहून फार वेगळा नसतो. स्पॅनिश म्हणजे बैलांशी झुंज आणि फ्लेमेंकोचं नाचगाणं एवढंच मनात असेल, तर क्लास लावण्याआधी जरा इकडंतिकडं वाचा.

यानंतर अडलेलं सगळं व्यवहाराचं होतं आणि व्यवहार सुटतो. तेच थोडक्यात सांगते, बहुतेकांना लागू पडेल. भाषेसाठी अकरावीच्या मध्यात सायन्स सोडायची घाई करू नका. दिल्लीतल्या जेएनयू विद्यापीठाच्या परदेशी भाषांच्या बी.ए.ला कोणत्याही शाखेची बारावी चालते आणि प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो, हे आम्ही चौघांनी बसून पाहिलं. नियम तुम्ही त्या त्या वर्षीचे बघा. हैदराबादच्या इफ्लू या इंग्रजी आणि परदेशी भाषांच्या विद्यापीठातही स्पॅनिश आहे. बारावीसोबत प्रमाणपत्र हवं असेल तर इन्स्तितूतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेची डेले परीक्षा असते. अगदी सुरुवातीच्या ए१ पासून सगळ्यात वरच्या सी२ पर्यंत सहा पायऱ्या (ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२), शाळकरी मुलांसाठी वेगळे पेपर, आणि मिळालेल्या प्रमाणपत्राची मुदत संपत नाही. पण ए१ किंवा ए२ वर नोकरी मिळेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भाषेच्या जोरावर काम हवं तर बी२च्या पुढं जावं लागतं आणि त्याला वर्षं द्यावी लागतात. मराठी मुलांना एक फायदा आहे: त, द चे उच्चार घरचेच आणि बहुतांश लिहिलंय तसंच वाचायचं. क्रियापदांची रूपं मात्र घाम काढतात.

बोर्डाच्या आधीचे दोन-तीन महिने क्लास बंद ठेवायचा, रोज ऐकायचं तेवढं चालू ठेवायचं. ऋतुराजनं हे स्वतः लिहून दिलं. फिजिक्सची शिकवणी लावायलाही तो तयार झाला, बऱ्यापैकी तोंड वाकडं करून. आणि पालकांनो, ‘उपयोग काय’ महिन्यातून एकदा विचारा, हक्क आहे तुमचा. एरवी ‘आज काय ऐकलंस’ एवढं विचारत जा.

ऋतुराज आता बारावीत आहे, सायन्सलाच. अॅग्रीचा फॉर्मही भरायचा आणि सीयूईटीचाही, असं ठरलंय. वडील दिल्लीला तयार आहेत. आई नाही. “तिकडं याच्या जेवणाचं कोण बघणार?” म्हणते. त्यासाठी पुढच्या आठवड्यात तिला एकटीला बोलावलं आहे.