पेपरात कंपनीचं नाव आलं, आता दिवस मोजा

प्रश्न: वकीलसाहेब, नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची अध्यक्ष आहे. बचत गटातल्या आम्ही बायांनी मिळून काढलेली कंपनी, सभासद ३१२. सोयाबीन, तूर गोळा करून मोंढ्यात घालतो, मागच्या दोन हंगामांत हमीभावाची खरेदीही केली. बँकेचं कर्ज काढून गोदाम बांधलंय, त्याचे हप्ते चालू आहेत. कंपनीचे कागद ज्या कन्सल्टंटकडे होते तो आता फोन उचलत नाही. सीईओ दुसरी नोकरी लागली म्हणून सोडून गेले. या गडबडीत दोन वर्षांची विवरणं भरायची राहिली. मागच्या आठवड्यात भाच्यानं पेपरातल्या जाहीर नोटिशीचा फोटो मोबाईलवर पाठवला. लांबलचक यादीत आमच्या कंपनीचंही नाव आहे आणि ही नावं कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीतून काढून टाकणार असं वर लिहिलंय. आमच्या कुणाच्याच घरी पत्र आलेलं नाही. सीए सव्वादोन लाख भरावे लागतील म्हणतात. गावातले म्हणतात, सरकारनं छोट्या धंद्यांची कागदपत्रं कमी केलीत, तुमच्याकडे उद्यम नोंदणी आहे, कशाला घाबरता, माफीची योजना येईलच. दुसरा एक कन्सल्टंट मागच्या तारखांची सभांची मिनिटं, म्हणजे इतिवृत्तं, लिहून सगळं नीट करून देतो म्हणतो. अशी पेपरातली नोटीस चालते का? मी काय करू?

उत्तर: ताई, नोटीस चालते. आधी फोटो बाजूला ठेवा आणि तो मूळ पेपर मिळवा. पेपर कोणत्या तारखेचा आहे ते बघा, कारण हरकत घ्यायला प्रसिद्धीच्या तारखेपासून ३० दिवस असतात, भाच्याचा फोटो आला त्या दिवसापासून नव्हे. एक आठवडा तर गेलाच, कदाचित जास्तही गेला असेल. नुसतं नाव बघू नका, नावाशेजारचा २१ अक्षर-अंकांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, तुमच्या नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून बघा. आपल्याकडे एकाच देवाच्या नि एकाच नदीच्या नावानं इतक्या उत्पादक कंपन्या निघाल्यात की नाव सारखं आणि कंपनी दुसऱ्याच तालुक्यातली, असं सहज होऊ शकतं.

सीआयएन जुळला तर नोटिशीत कलम कोणतं लिहिलंय ते वाचा. बहुतेक वेळा ते कंपनी कायदा २०१३ चं कलम २४८ असतं. त्यात कंपनी निबंधकांचं म्हणणं एवढंच असतं की, या कंपन्यांनी लागोपाठ दोन आर्थिक वर्षं काही धंदाच केलेला दिसत नाही आणि निष्क्रिय कंपनी म्हणून अर्जही केलेला नाही. विवरणं आली नाहीत म्हणून धंदा बंद, असा तो अंदाज आहे. तो खोडायचा आहे. उत्पादक कंपन्यांसाठी ३७८-झेडपी हे वेगळं कलमही आहे. ते लिहिलेलं असेल तर मला लगेच कळवा, तिथली वाट निराळी आहे. खाली लिहितोय ते २४८ धरून.

पेपरातल्या नोटिशीआधी कंपनीला आणि प्रत्येक संचालकाला पत्र पाठवून ३० दिवसांत म्हणणं मागवावं लागतं. पत्र आलं नाही असं तुम्ही लिहिता, पण ते जातं नोंदीतल्या पत्त्यावर. तुमचं नोंदणीकृत कार्यालय अजून त्या जुन्या कन्सल्टंटच्या दुकानाच्या पत्त्यावर असेल, ई-मेलही त्याचाच असेल, तर पत्र तिकडे पोचून पडलेलं असणार. पत्ता बदलला की ३० दिवसांत कळवायचं काम कंपनीचं असतं. म्हणून 'आम्हाला पत्रच मिळालं नाही' हा मुद्दा उत्तरात एका वाक्यात लिहा, त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. त्यानंतरची जाहीर नोटीस मंत्रालयाच्या संकेतस्थळावर, राजपत्रात, एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. ती दिली की तुमच्या वाचनात आली काय, न आली काय, कायदा ती तुम्हाला पोचली असंच धरतो. मोंढ्यात दिवसभर काट्यावर उभं राहणाऱ्या बाईनं बारीक टाइपातली यादी कधी वाचायची, हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर निबंधकांच्या कार्यालयात मिळणार नाही.

आता तुमच्या हातातला हुकमाचा एक्का, जो तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेलाय. गोदामाचं कर्ज.

नावं काढण्याबाबतचे २०१६ चे नियम आहेत. त्यातल्या नियम ३ मध्ये कोणत्या कंपन्यांची नावं काढायचीच नाहीत याची यादी दिली आहे. ज्या कंपनीवर बोजा आहे आणि तो अजून फिटलेला नाही, ती कंपनी या यादीत येते. बँकेनं गोदाम तारण ठेवून कर्ज दिलं तेव्हा त्या तारणाची नोंद कंपनी निबंधकांकडे करायला हवी होती. कलम ७७ नुसार ही नोंद ३० दिवसांत करायची असते आणि बँका सहसा ती करून घेतल्याशिवाय पैसे सोडत नाहीत. आज संध्याकाळीच कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर जा, कंपनीच्या नावानं बोजांची सूची उघडा. तिथं तुमच्या बँकेचं नाव, रक्कम आणि नोंदीची तारीख दिसली आणि 'फिटला' असा शेरा नसेल, तर त्या पानाची प्रत काढा. ती उत्तराच्या पहिल्या पानामागे लावा आणि पहिला मुद्दा हाच लिहा: नियम ३ नुसार आमचं नाव काढता येत नाही. फक्त सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर बोजा चढलाय आणि निबंधकांकडे नोंदच नाही असं निघालं, तर मुद्दा लंगडा पडतो. तसं असेल तर शाखाधिकाऱ्यांना गाठा. नोंद राहिली तर कंपनी अवसायनात, म्हणजे गुंडाळायला, गेल्यावर बँकेचं तारण टिकत नाही, त्यामुळे तेही हातपाय हलवतील.

दुसरा मुद्दा धंदा चालू असल्याचा. दोन्ही वर्षांचे बँक खात्याचे उतारे, जीएसटी विवरणं, हमीभाव खरेदीची कागदपत्रं, मोंढ्यातल्या आडत्यांच्या पट्ट्या, काट्याच्या पावत्या, बारदान्याची बिलं, गोदामाचं वीजबिल. ढीग लावू नका. दर वर्षाच्या प्रत्येक तिमाहीतले दोन-तीन ठळक व्यवहार निवडा आणि खात्यात जमा रक्कम नि पट्टीवरची रक्कम जुळते ते पेनानं खूण करून दाखवा. सोयाबीनच्या पट्टीवर कंपनीचं नाव हवं. बऱ्याच ठिकाणी घाईत अध्यक्षांच्या किंवा त्यांच्या नवऱ्याच्या नावानं पट्टी फाडली जाते. तशा पट्ट्या लावल्या तर कंपनीनं धंदा केला नाही असंच सिद्ध होईल.

उत्तर पाठवायला विवरणं भरून होण्याची वाट पाहू नका. दोन वर्षांचं ऑडिट आठवड्याभरात होत नाही. संचालक मंडळाची बैठक घ्या, गणपूर्ती एकूण संचालकांच्या एक-तृतीयांश पण किमान तिघांची लागते. तुम्हाला सही करण्याचा अधिकार देणारा ठराव करा, हरकत नोटिशीतल्याच पत्त्यावर स्पीड पोस्टानं आणि ई-मेलनं मुदतीत पाठवा. त्यात लिहा की ऑडिट चालू आहे, अमुक तारखेपर्यंत विवरणं भरतो. ती तारीख सीएंना विचारूनच घाला, मनानं नको. डीआयएनचं, म्हणजे संचालकाच्या ओळख क्रमांकाचं, केवायसी राहिल्यामुळे कुणाचा डीआयएन बंद पडला असेल तर आधी ₹५,००० भरून तो सुरू करून घ्या, नाहीतर पोर्टलवर सहीच होणार नाही.

सीएंचा आकडा बरोबर आहे, फक्त तो दंड नाही. ते विलंब शुल्क आहे, प्रत्येक फॉर्मला दिवसाला ₹१००, वर मर्यादा नाही. वर्षाला दोन फॉर्म: ताळेबंदाचा एओसी-४ आणि वार्षिक विवरणाचा. एक वर्ष उशीर म्हणजे दोन्ही मिळून ₹७३,०००. तुमच्या एका वर्षाला साधारण दोन वर्षं उशीर आणि दुसऱ्याला एक, म्हणजे ₹२,१९,०००. यात घासाघीस होत नाही. आज विवरणं भरली नाहीत तर चार फॉर्मचे मिळून रोज ₹४०० चढतात, हे संचालक मंडळाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा.

दंड वेगळा, आणि तिथं मात्र कायदा तुमच्या बाजूनं वळलाय. कलम ४५४ मध्ये २०२० च्या दुरुस्तीनं अशी तरतूद आली की, ही दोन विवरणं दंडाची नोटीस येण्याआधी किंवा आल्यापासून ३० दिवसांत भरली तर दंड लावायचाच नाही, प्रकरण तिथंच संपलं. शिवाय कलम ४४६-बी नुसार इतर कसुरींचा दंडही उत्पादक कंपनीला निम्म्याहून जास्त लावता येत नाही. गावातले लोक कागदपत्रं कमी झाली म्हणतात ते बव्हंशी याबद्दल आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं ४२ केंद्रीय कायद्यांतल्या १८३ तरतुदी बदलल्या, पण तिथंही मुख्यतः तुरुंगवास आणि फौजदारी दंड हलके केले. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीऐवजी नुसती सूचना देऊन मोकळं केलं, ती खरी कागदाची कपात. उद्यम नोंदणी फुकट आणि स्वयंघोषणेवर होते, तीही चांगली. पण यातल्या एकाही गोष्टीनं कंपनीच्या वार्षिक विवरणाला हात लावलेला नाही. उत्तरात 'शासनाने अनुपालन कमी केले असल्याने' असं वाक्य कुणी घालायला सांगितलं तर खोडा. त्यानं आपण विवरणं मुद्दाम भरली नाहीत असा अर्थ निघतो.

उलट उत्पादक कंपनीला काही बाबतींत साध्या छोट्या कंपनीपेक्षा जास्तच काम आहे. छोट्या कंपनीला वर्षात संचालक मंडळाच्या दोन बैठका चालतात हे ऐकून अनेक जणी तसंच करतात. तुम्हाला दर तीन महिन्यांत एक, वर्षात किमान चार घ्याव्याच लागतात. अंतर्गत लेखापरीक्षण आणि पूर्णवेळ सीईओ सक्तीचे. सर्वसाधारण सभेला एक-चतुर्थांश सभासद हवेत, म्हणजे तुमच्याकडे ७८. काढणीच्या दिवसांत तेवढ्या बाया जमणार नाहीत, तारीख त्या हिशेबानं ठरवा आणि १४ दिवस आधी नोटीस द्या.

माफीच्या योजना आल्या होत्या, २०१८ मध्ये एक, २०२० मध्ये एक. २०२० च्या योजनेत स्पष्ट लिहिलं होतं की ज्या कंपन्यांवर नाव काढण्याच्या अंतिम नोटिशीची कारवाई सुरू झाली आहे त्यांना ती लागू नाही. तुम्ही आज नेमक्या त्याच रांगेत उभ्या आहात. योजनेच्या आशेवर तीस दिवस घालवू नका.

मागच्या तारखांची मिनिटं लिहून देणाऱ्याला दारात उभं करू नका. सभा झाली नसेल तरी विवरण भरता येतं. ताळेबंदासाठी कलम १३७ आणि वार्षिक विवरणासाठी कलम ९२ सांगतं की सभा का झाली नाही त्याची कारणं लिहा आणि भरा. इतकी सरळ सोय असताना खोटी मिनिटं कशाला? ती पोर्टलवर चढली की कलम ४४८ लागतं आणि शिक्षा फसवणुकीची होते, तुरुंगवासासकट. सही तुमची असेल, त्या कन्सल्टंटची नाही.

नाव निघालंच तर काय, हेही सांगून ठेवतो. नोंदणी प्रमाणपत्र रद्द धरलं जातं, येणं वसूल करण्यापुरती आणि देणी फेडण्यापुरतीच कंपनी उरते. २०१७ मध्ये दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं काढली तेव्हा त्यांच्या खात्यांवरचे व्यवहारही रोखले होते. तुमचं खातं असं ऐन हंगामात थांबलं तर बायांच्या मालाचे पैसे अडकतील. संचालकांची जबाबदारी मात्र संपत नाही, कर्जाला वैयक्तिक हमी दिली असेल तर ती तशीच राहते. नाव परत आणायला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जावं लागतं. निबंधकांचा आदेश चुकीचा आहे असं अपील असेल तर तीन वर्षांत, आणि कंपनी, सभासद किंवा धनको (कंपनीकडून ज्याचं येणं आहे तो) यांच्या अर्जाला राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून २० वर्षांपर्यंत मुदत. मार्ग आहे, पण लातूरहून रात्रीची गाडी धरून मुंबईच्या तारखा करायच्या, वकिलाची फी द्यायची आणि शेवटी हीच विवरणं याच विलंब शुल्कासह भरायची.

तुमच्या स्वतःच्या नावाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. सलग तीन आर्थिक वर्षांची विवरणं राहिली की कलम १६४ नुसार संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, याच नाही तर दुसऱ्याही कंपनीत. तुमची दोन राहिलीत. तिसऱ्या वर्षाची मुदत दाराशी आहे: सभा ३० सप्टेंबरपर्यंत, त्यानंतर ३० दिवसांत ताळेबंद, ६० दिवसांत वार्षिक विवरण. म्हणून सीएंना सांगा, पैसे कमी पडत असतील तर आधी जुन्यात जुनं वर्ष भरून घ्या, आणि तिसरं कुठल्याही परिस्थितीत वेळेत गेलं पाहिजे.

बँकेला आजच एक पत्र द्या. नोटिशीची प्रत जोडा आणि धनको म्हणून बँकेनं स्वतःची हरकत निबंधकांकडे पाठवावी अशी लेखी विनंती करा. पोचेवर शिक्का घ्या, ती पोच तुमच्या उत्तराला जोडा. जुन्या कन्सल्टंटलाही नोंदणीकृत पोस्टानं पत्र टाका: पोर्टलचा लॉगिन, डिजिटल सह्यांचे टोकन आणि सभांची पुस्तकं सात दिवसांत परत द्या. कंपनीचे कागद अडवून ठेवायचा त्याला अधिकार नाही, मग त्याची फी थकलेली असली तरी ती त्यानं वेगळी मागावी.